आतड्याच्या कॅन्सरच्या रिपोर्टचं दुसरं पान : ‘एमएलएच१ लॉस’ लिहिलं असेल तर पुढे काय करायचं

आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला की घरची माणसं पहिल्या पानावर दोनच गोष्टी शोधतात : गाठ कॅन्सरचीच आहे का, आणि किती पसरली आहे. दुसऱ्या पानावर चार प्रथिनांची नावं असतात. ती कुणी वाचत नाही. मी मिरजेत पॅथॉलॉजिस्ट आहे. सांगली, कोल्हापूर, जत, अथणी, विजापूर अशा सगळीकडून पेशंट इथे येतात. रिपोर्ट न्यायला आलेल्या मुलाच्या किंवा जावयाच्या हातात मी ते दुसरं पान उघडूनच देते, कारण त्या चार ओळींवर केमो कोणती द्यायची, प्रतिकारशक्तीला मोकळं करणारं औषध चालेल का आणि घरातल्या इतरांना तपासायचं का, हे सगळं अवलंबून असतं.

तिथे ‘एमएलएच१ : लॉस’ असं लिहिलेलं असेल, तर पुढचा मजकूर तुमच्यासाठी आहे. रिपोर्ट समोर ठेवून वाचा.

दुसरं पान नसेलच तर

आधी ती तपासणी मागून घ्या. तिला आयएचसी म्हणतात, म्हणजे नमुन्यातल्या प्रथिनांना रंग चढवून बघायची तपासणी. मोठं आतडं आणि गुदाशय यांच्या प्रत्येक कॅन्सरमध्ये ती व्हायला हवी, पेशंट तीस वर्षांचा असो की ऐंशी. गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरमध्येही हवी. ऑपरेशनपर्यंत थांबायचं कारण नाही. कोलोनोस्कोपीत घेतलेल्या लहानशा तुकड्यावरही ती होते, आणि माझं मत विचाराल तर तिथेच करावी. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा आधी रेडिएशन आणि केमो देतात. त्यानंतर काढलेल्या आतड्यात कधी गाठ उरतच नाही, आणि उरली तरी एमएसएच६ चा रंग फिका पडून फसवणूक होऊ शकते.

आमच्या भागात नमुना नातेवाईकांनीच हातात घेऊन लॅबला यायचं, हे अजून सर्रास चालतं. तुमच्यावर ती वेळ आली तर बरणीत काय आहे ते विचारा. उत्तर ‘१० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन’ असं यायला हवं. सलाइन किंवा स्पिरिट नको. नमुन्याच्या दसपट तरी फॉर्मालिन असावं, म्हणजे तो त्यात पूर्ण बुडून मोकळा राहील. बरणीवर नाव, वय आणि नमुना काढल्याची वेळ लिहून घ्या आणि त्याच दिवशी लॅबला पोचवा. फॉर्मालिन आत शिरायच्या आधीच नमुना खराब झाला तर पुढची कुठलीही तपासणी नीट होत नाही. मग मला ‘इन्कन्क्लुसिव्ह’, म्हणजे निष्कर्ष निघत नाही, असं लिहावं लागतं आणि पेशंटचे दिवस वाया जातात.

चार ओळी कशा वाचायच्या

एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. पेशी दुभंगताना तिच्यातल्या डीएनएची सुमारे ६०० कोटी अक्षरं नव्याने उतरवली जातात आणि उतरवताना चुका होतात. त्या शोधून दुरुस्त करणारी ही चार प्रथिनं आहेत. ती जोडीने काम करतात. एमएलएच१ ची जोडी पीएमएस२ शी, एमएसएच२ ची एमएसएच६ शी. एमएलएच१ नाहीसं झालं की पीएमएस२ एकटं टिकत नाही, तेही नाहीसं होतं. म्हणून रिपोर्टात दोन्ही ‘लॉस’ दिसले तर दोन वेगळे बिघाड झाले असं समजू नका. बिघाड एकच आहे, एमएलएच१ चा.

‘रिटेन्ड’, ‘इंटॅक्ट’, ‘प्रिझर्व्ड’ हे तिन्ही शब्द प्रथिन शाबूत असल्याचं सांगतात. ‘लॉस’ म्हणजे गेलं.

मायक्रोस्कोपखाली हे अगदी डोळ्यांना दिसतं. प्रथिन असेल तिथे पेशीचं केंद्रक तपकिरी होतं, नसेल तिथे फक्त निळसर राहतं. एमएलएच१ गेलेल्या स्लाइडवर एका कडेला निरोगी आतड्याच्या ग्रंथी असतात, सरळ, एकमेकींना लागून, प्रत्येक केंद्रक तपकिरी. मध्येच रेष ओढल्यासारखी कॅन्सरची सरहद्द येते आणि पलीकडच्या वेड्यावाकड्या ग्रंथी सगळ्या निळ्या. पण त्या निळ्या ग्रंथींमध्ये नीट पाहिलं तर बारीक तपकिरी ठिपके शिरलेले दिसतात. त्या कॅन्सरच्या पेशी नव्हेत, तिथे घुसलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे शरीराचे पहारेकरी. या ठिपक्यांकडे आपण पुढे येणार आहोत. तूर्त त्यांचा उपयोग एवढाच, की शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी झाल्या म्हणजे रंग नीट चढला होता. रिपोर्टात ‘इंटर्नल कंट्रोल : पॉझिटिव्ह’ अशी ओळ आहे का, बघा. ती नसेल तर लॅबला फोन करून विचारा. हा तुमचा हक्क आहे, आणि त्यात राग यावा असं काही नाही.

एमएसएच२ व एमएसएच६ गेले असतील, किंवा नुसतं एमएसएच६, किंवा नुसतं पीएमएस२ गेलं असेल, तर वाट सरळ आहे : जेनेटिक कौन्सेलिंगला, म्हणजे आनुवंशिक आजारांच्या सल्लागाराकडे जायचं आणि रक्ताची जनुकीय तपासणी करायची. एमएलएच१ आणि पीएमएस२ गेले असतील तर मात्र आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

जनुक मोडलंय की गप्प झालंय

एमएलएच१ मुख्यतः दोन तऱ्हांनी नाहीसं होतं. पहिली तऱ्हा म्हणजे जनुकातच दोष, तोही आईकडून किंवा वडिलांकडून आलेला. याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तो असेल तर प्रत्येक अपत्यात आणि सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता निम्मी. दुसऱ्या तऱ्हेत जनुक शाबूत असतं, पण बंद झालेलं असतं. पोथीची दोन पानं एकमेकांना चिकटावीत, अक्षर न् अक्षर जागेवर असावं आणि तरी वाचता येऊ नये, तसं. जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं त्या भागातल्या (त्याला प्रमोटर म्हणतात) सायटोसिन या अक्षरांवर मिथाइल नावाचा इवलासा रासायनिक गट चिकटत जातो, डीएनए तिथे घट्ट गुंडाळला जातो आणि प्रथिन तयार होणं थांबतं. पेशी दुभंगली की हा बंदोबस्त तसाच दोन्ही लेकींकडे जातो. हेच मिथायलेशन. डीएनएच्या अक्षरांना हात न लावता होणारा हा बदल, म्हणून एपिजेनेटिक.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जेम्स हर्मन आणि स्टीफन बेलिन यांच्या गटाने आतड्याच्या कॅन्सरमध्ये एमएलएच१ असं बंद झालेलं दाखवलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना त्यांनी मिथाइल उतरवणारं औषध दिलं, तेव्हा गेलेलं प्रथिन परत दिसू लागलं. जनुक शाबूत होतं, याचा हा सरळ पुरावा.

पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत आतड्याच्या दर १०० कॅन्सरांपैकी साधारण १५ मध्ये ही दुरुस्ती बंद पडलेली आढळते. त्यातल्या बहुतेकांत कारण मिथायलेशनचं असतं, आणि शंभरातले ३ च्या आसपास लिंचचे निघतात. आपल्याकडे आतड्याच्या कॅन्सरचा पेशंट सरासरीने तरुण असतो. म्हणून मी हे प्रमाण इथे डोळे झाकून लावत नाही, प्रत्येक केस तपासूनच ठरवते.

हे बंद पडणं कधी होतं, ते समजून घ्या, कारण कॅन्सरच्या सुरुवातीची गोष्ट इथे अगदी स्पष्ट दिसते. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात एक चपटा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची वाढ, येतो : सेसाइल सेरेटेड लीजन. त्याच्या पेशींत बीआरएएफ या जनुकात बहुधा आधीच बदल झालेला असतो. पॉलिप वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो आणि त्याच्या जनुकांवर मिथाइल साचत जातं. एक दिवस एमएलएच१ बंद होतं, आणि तिथून चाल बदलते. दुरुस्ती थांबल्यामुळे डीएनएत जिथे एकच अक्षर ओळीने पुन्हा पुन्हा येतं तिथे चुका साठू लागतात. टीजीएफबीआर२ नावाच्या जनुकात ए हे अक्षर ओळीने दहा वेळा आहे. त्यातलं एक गळलं की पुढचं सगळं वाचन सरकतं, प्रथिन अर्धवट तयार होतं आणि ‘आता वाढू नको’ हा निरोप पेशीला पोचत नाही. पॉलिपच्या रिपोर्टात ‘डिस्प्लेझिया’, म्हणजे पेशींची ठेवण बिघडल्याचा शेरा, येतो तो याच टप्प्यावर. वर्षानुवर्षं स्वस्थ बसलेला पॉलिप इथून पुढे फार वेळ देत नाही.

पुढच्या तपासणीचा क्रम

आतड्याच्या कॅन्सरमध्ये एमएलएच१ गेलं असेल तर आधी बीआरएएफ व्ही६००ई, म्हणजे बीआरएएफ जनुकातला एक ठरावीक बदल, तपासा. हा बदल सापडला तर लिंचची शक्यता जवळजवळ संपते. नाही सापडला तर एमएलएच१ प्रमोटर मिथायलेशन तपासा. मिथायलेशन नसेल तर रक्तावर जनुकीय तपासणी. हा क्रम पैसे वाचवतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरातल्या पोरांच्या डोक्यावरचं ओझं वेळेवर हलकं करतो.

गर्भपिशवीच्या कॅन्सरमध्ये बीआरएएफच्या वाटेला जाऊ नका. तिथे हा बदल क्वचितच सापडतो, त्यामुळे तो नसण्याने काहीच कळत नाही. सरळ मिथायलेशन करा. हे आवर्जून सांगते, कारण बीआरएएफ निगेटिव्ह आला म्हणून ‘तुमच्या घरात कॅन्सर आनुवंशिक आहे’ असं ऐकून घाबरलेल्या मुली माझ्याकडे आल्या आहेत. त्यांच्या आईची मिथायलेशनची तपासणी कुणी केलेलीच नव्हती.

मिथायलेशन बघतात कसं? गाठीतला डीएनए काढून त्यावर बायसल्फाइट टाकतात. साधं सायटोसिन त्याने बदलून युरॅसिल होतं. ज्यावर मिथाइल बसलंय ते सायटोसिन तसंच राहतं. मग पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या पुष्कळ प्रती काढून, दोन्हींतला फरक वाचतात. बायसल्फाइट डीएनएचे तुकडे करतं, म्हणून सुरुवातीचा नमुना चांगला लागतो. फॉर्मालिनबद्दल मी वर एवढं का बोलले ते आता लक्षात येईल. ही तपासणी प्रत्येक लॅबमध्ये होत नाही. पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला नमुना, बाहेर पाठवावा लागतो. तो तुम्हीच घेऊन जाणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पॅराफिन ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तितका तापतो. ब्लॉक सावलीत, कागदात गुंडाळून, हातातल्या पिशवीत न्या. आणि काम झालं की परत आणून मूळ लॅबला द्या, पावती घ्या. काही वर्षांनी नवी तपासणी निघेल तेव्हा हाच ब्लॉक लागतो.

मिथायलेशन सापडलं म्हणजे निश्चिंत व्हायचं का? बहुतेक वेळा होय. दोन परिस्थितींत मी थांबायला सांगते. पेशंट तरुण असेल, पन्नाशीच्या आतला असेल, तर तेच मिथायलेशन रक्तातही आहे का ते बघायला हवं. फार थोड्या लोकांत ते जन्मापासूनच सगळ्या शरीरात असतं. आणि घरात कॅन्सर पुन्हा पुन्हा होत असेल तर मिथायलेशनचा रिपोर्ट बाजूला ठेवून कौन्सेलिंगला जाच. लिंचच्या पेशंटमध्येही क्वचित जनुकाची दुसरी, निरोगी प्रत मिथायलेशनने बंद झालेली असू शकते.

घराण्याचा कागद

‘घरात कुणाला कॅन्सर?’ असं विचारलं की आमच्याकडे उत्तर येतं, ‘नाही हो, कुणाला नाही.’ मग मी कोरा कागद देते आणि बसवून लिहायला लावते. तुम्हीही घरी हेच करा. मधोमध पेशंट. वर आईवडील. वडिलांच्या बाजूला काका आणि आत्या, आईच्या बाजूला मामा आणि मावश्या, दोन्हीकडचे आजी-आजोबा. प्रत्येकापुढे आजार आणि तो झाला तेव्हाचं वय.

आत्या नेहमी गळतात. लग्न होऊन आडनाव बदललं, सासर लांब, आणि माहेरच्या हिशेबातून त्यांचा आजारही निघून गेला. लिंचमध्ये गर्भपिशवीचा कॅन्सर आतड्याइतकाच महत्त्वाचा असतो, म्हणून आत्या आणि मावशी आधी विचारा. ‘पिशवी काढली होती’ एवढ्यावर थांबू नका. का काढली, तपासणीत काय आलं, जुना कागद कुणाच्या ट्रंकेत आहे का, हे फोन करून विचारा. ‘पोटात गाठ झाली आणि गेला’ असं सांगितलेल्या आजोबांचं वय किती होतं, तेही लिहा. अंडाशय, जठर, मूत्रवाहिनी यांचे कॅन्सरही यात धरतात.

हा कागद किती मोलाचा असतो, याचा दाखला जुना आहे. १८९५ मध्ये मिशिगन विद्यापीठातले पॅथॉलॉजिस्ट ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांची शिवणकाम करणारी बाई म्हणाली होती की आमच्या घरात सगळे पोटाच्या किंवा बायकांच्या अवयवांच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती गर्भपिशवीच्या कॅन्सरनेच गेली. वॉर्थिन यांनी तिचं म्हणणं मनावर घेऊन घराण्याची नोंद केली आणि ती १९१३ मध्ये छापली. पुढे ओमाहाचे डॉ. हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांवर आयुष्य घालवलं. एमएलएच१ हे नाव जन्माला यायच्या कितीतरी आधी ते दुखणं त्या बाईने घरात बघून ओळखलं होतं.

आमच्या दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न होतं, तेव्हा आणखी एक प्रश्न जोडा. आईवडील नात्यातले असतील आणि दोघांकडून तोच दोष मुलात आला असेल, तर बालपणीच मेंदूचा, रक्ताचा किंवा आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो, आणि अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग दिसतात. असं मूल घरात असेल किंवा होऊन गेलं असेल तर कौन्सेलरला पहिल्याच भेटीत सांगा. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत कॅन्सर जेनेटिक्सची ओपीडी असते. टाटा मेमोरियल सेंटरची खारघरला आहे.

लिंच ठरलंच, तर एमएलएच१ चा दोष असलेल्यांनी साधारण २५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करायची असते. अ‍ॅस्पिरिनबद्दलही डॉक्टरांना विचारा. जॉन बर्न यांच्या कॅप२ या अभ्यासात रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर पुढच्या वर्षांत कमी झाला. पण रक्तस्रावाचा धोका असतो, मनाने सुरू करायची गोष्ट नव्हे.

त्या तपकिरी ठिपक्यांचं काय

आता प्रतिकारशक्तीचा भाग. रिपोर्टात ‘टीआयएल : ब्रिस्क’ किंवा ‘क्रोन्स-लाइक रिअ‍ॅक्शन’ असं लिहिलेलं असू शकतं. म्हणजे गाठीत आणि गाठीभोवती लिम्फोसाइटची दाटी आहे. कारण मघाचंच. दुरुस्ती थांबल्यावर वाचन सरकून जी अर्धवट प्रथिनं तयार होतात, त्यांची शेपटी शरीराने आधी कधी पाहिलेली नसते. एचएलए नावाच्या प्रथिनांवर ठेवून पेशी तिचा तुकडा पृष्ठभागावर दाखवते, लिम्फोसाइटना तो परका दिसतो आणि त्या धावून येतात.

मग कॅन्सर वाढतो कसा? इथे खरी निवड चालते. ज्या पेशी ओळखल्या जातात त्या मरतात, ज्या लपतात त्या उरतात आणि वाढतात. लपायच्या वाटा अनेक. काहींत बी२एम या प्रथिनाचं जनुक मोडतं. ते नसेल तर एचएलए पृष्ठभागावर उभंच राहत नाही, तुकडा दाखवणार कशावर? गंमत म्हणजे बी२एमच्या जनुकातही तशाच एकसारख्या अक्षरांच्या ओळी आहेत, त्यामुळे दुरुस्ती बंद पडल्याने चुका तिथेही होतात. मिथायलेशन इथे पुन्हा भेटतं : एचएलएची जनुकं चालू करणारं एनएलआरसी५ हे जनुक काही कॅन्सरमध्ये मिथाइल बसून बंद झालेलं आढळतं. आणि सगळ्यात वापरात असलेली वाट म्हणजे पीडी-१. लिम्फोसाइटवर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. समोरून पीडी-एल१ येऊन त्याला भिडलं की लिम्फोसाइट हल्ला थांबवते. शरीराने हे स्वतःच्या बचावासाठी ठेवलेलं आहे, गाठ त्याचाच फायदा घेते. स्लाइडवर लिम्फोसाइट कॅन्सरच्या पेशीला खेटून उभी दिसते आणि तरी काही करत नाही, ते यामुळे.

म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते. रिपोर्ट बघून ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ असं समजू नका आणि इम्युनिटी वाढवणाऱ्या पावडरी, काढे, कॅप्सूल यांवर पैसे घालवू नका. या गाठीत पहारेकरी भरपूर आहेत, फक्त अडवलेले आहेत. अडवणूक दूर करणारी औषधं आहेत. पीडी-१ शोधणारे जपानचे तासुकू होन्जो आणि सीटीएलए-४ या तशाच दुसऱ्या अडसरावर काम करणारे अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल यासाठीच मिळालं. २०१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. डुंग ले यांनी दाखवलं की दुरुस्ती बंद पडलेल्या गाठींवर पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१ विरोधी औषध काम करतं, दुरुस्ती चालू असलेल्या आतड्याच्या गाठींवर नाही. मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ते कुठल्याही अवयवाच्या अशा कॅन्सरसाठी मंजूर केलं. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ३०७ पेशंटच्या कीनोट-१७७ या चाचणीत ते सुरुवातीलाच दिलं, तेव्हा आजार न वाढता गेलेला मध्यम काळ १६.५ महिने निघाला, केमोत ८.२. आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून गुदाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या १२ पेशंटची बातमी आली : सहा महिने नुसतं डोस्टार्लिमॅब हे पीडी-१ विरोधी औषध, आणि बाराही जणांत तपासणीला गाठ सापडली नाही. ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही. गुदाशय वाचणं म्हणजे कायमची पोटावरची पिशवी टळणं, हे ज्यांच्या घरात तो प्रसंग आलाय त्यांना सांगावं लागत नाही.

मिथायलेशनमुळे झालेला कॅन्सर असो की लिंचचा, ही औषधं, म्हणजेच इम्युनोथेरपी, दोन्हींत चालतात. वारशाचा प्रश्न आणि औषधाचा प्रश्न वेगळे ठेवा.

ऑन्कोलॉजिस्टकडे जाताना हे विचारायचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या. दुसऱ्या स्टेजचा आजार असेल तर : ‘दुरुस्ती बंद असलेल्या गाठीत नुसत्या ५-एफयू या केमोच्या औषधाचा फायदा दिसत नाही म्हणतात, मग केमो लागणारच आहे का?’ गुदाशयाचा असेल तर : ‘रेडिएशन सुरू करायच्या आधी इम्युनोथेरपीचा विचार करता येईल का?’ पसरलेला असेल तर : ‘पहिलं औषध केमोऐवजी इम्युनोथेरपी देता येईल का, आणि खर्चासाठी कंपनीची मदत योजना किंवा सरकारी योजना लागू होते का?’ औषध महाग आहे. समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा, पैसे संपल्यावर नको.

आतड्याच्या कॅन्सरमध्ये पीडी-एल१ चा टक्का किती, यावर निर्णय होत नाही. त्याची वेगळी तपासणी कुणी सुचवली तर का ते विचारा. बी२एम गेलंय म्हणून औषध चालणार नाही, असंही धरू नका. अशा पेशंटमध्येही ते काम करताना दिसलं आहे, तिथे दुसऱ्या प्रकारच्या टी-पेशी कामाला येतात. आणि पूर्वी कधी थायरॉइड, संधिवात, सोरायसिस, आतड्याची सूज असा शरीरच शरीरावर उलटण्याचा आजार झाला असेल, किंवा किडनी बदललेली असेल, तर ते आधी सांगा. अडवणूक काढली की लिम्फोसाइट निरोगी अवयवांवरही जाऊ शकतात. औषध चालू असताना जुलाब वाढले, दम लागू लागला किंवा फार थकवा आला तर घरी जुलाबाची गोळी घेऊन बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात कळवा.

‘मिथाइल उतरवायचं औषध आहे ना, मग तेच द्या’ असंही मला विचारतात. अ‍ॅझासायटिडीन आणि डेसिटाबिन ही औषधं रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये खरोखरच वापरतात. आतड्याच्या कॅन्सरमध्ये ती नेहमीच्या उपचारात नाहीत. फोलेटच्या किंवा ‘मिथाइल’ नावाच्या गोळ्यांनी एमएलएच१ परत चालू होत नाही.

ज्यांना अजून नुसता पॉलिप आहे

कॅन्सर नसून रिपोर्टात ‘सेसाइल सेरेटेड लीजन’ लिहिलं असेल, तर हीच गोष्ट तुम्हाला सुरुवातीला सापडली आहे. तीन गोष्टी बघा : आकार किती मिलिमीटर, डिस्प्लेझिया आहे का, आणि पूर्ण काढला का. १० मिलिमीटर किंवा जास्त असेल, किंवा डिस्प्लेझिया असेल, तर साधारण ३ वर्षांत पुन्हा कोलोनोस्कोपी. लहान आणि डिस्प्लेझिया नसलेला एखाद-दुसरा असेल तर अंतर जास्त ठेवतात. तुकड्यातुकड्याने काढला असेल तर लवकर बोलावतात.

हे पॉलिप चपटे असतात, रंगाने आजूबाजूसारखेच, वर शेंबडासारखा थर. आतडं नीट साफ नसेल तर कितीही चांगल्या डॉक्टरच्या नजरेतून सुटतात. म्हणून पोट साफ करायचं औषध सांगितल्याप्रमाणे दोन भागांत, पूर्ण प्या. दुसरा भाग पहाटे उठून प्यावा लागतो, तो टाळू नका. आदल्या दिवशी शेंगदाण्याची चटणी, मोड आलेली कडधान्यं, पेरू, टोमॅटोच्या बिया काही नको. रिपोर्टात आतड्याच्या सफाईचा शेरा आणि कॅमेरा सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या उजवीकडच्या टोकापर्यंत, पोचल्याची नोंद आहे का, तेही बघा. हे पॉलिप जास्त करून उजवीकडे असतात. तिथवर न पोचलेली तपासणी पुन्हा करावी लागते.

आईचा किंवा वडिलांचा कॅन्सर मिथायलेशनचा निघाला आणि लिंच नाही असं ठरलं, तरी सख्ख्या मुलांनी आणि भावंडांनी चाळिशीला एकदा कोलोनोस्कोपी करून घ्यावी. घरातल्या पेशंटचं निदान पन्नाशीच्या आत झालं असेल तर त्या वयाच्या दहा वर्षं आधी. ती तारीख ठरवताना दुसऱ्या पानाची झेरॉक्स सोबत न्या, आणि एक प्रत बहिणींनाही त्यांच्या सासरी पाठवून द्या.